दहा पावलांवरचा टांगलेला माणूस

बाणाचं टोक दांड्याच्या तिप्पट रुंद हवं. त्याहून कमी ठेवलं तर लांबून नुसती काठी दिसते.

•

आमच्या घरातला पॅसेज स्वयंपाकघराच्या दारापासून पुढच्या खिडकीपर्यंत दहा पावलांचा आहे. बाबांच्या पावलांनी. माझ्या पावलांनी बारा.

•

चंद्र तिसऱ्या खेपेला पास झाला.

•

मोठ्या दवाखान्याच्या फाटकातून आत गेलं की समोर एक निळी पाटी आहे. तिच्यावर दोन ओळी आणि दोन बाण. वरच्या ओळीत तातडीचे उपचार, बाण डावीकडे. खालच्या ओळीत बाह्यरुग्ण विभाग, बाण उजवीकडे. मी शाळेत होते तेव्हा ती बाबांनी रंगवली. उन्हाने निळा रंग विटला, बाण मात्र अजून पांढरेशुभ्र आहेत.

•

आई हसते तेव्हा आवाज येत नाही. फक्त खांदे हलतात.

•

वेल काढायला घेतली की थांबायचं कुठे हे वेलीला कळत नाही. मलाही नाही.

•

बाबा पाट्या रंगवायचे. दुकानांच्या नव्हे. इथे हात घालू नका, इथून चढू नका, बाहेर जाण्याचा रस्ता, अशा. कारखाने, दवाखाने, कचेऱ्या. सगळे त्यांना पेंटर म्हणायचे. आईसुद्धा, फार रागावली की किंवा अजिबात रागावलेली नसली की. एरवी अहो.

मी चित्रं काढते. पुस्तकांची मुखपृष्ठं, डब्यांवरची लेबलं, काय मिळेल ते. माझी ओळख म्हणजे वेली. बारीक रेघेच्या, एकमेकींत गुंतलेल्या, पानापानाला शिरा असलेल्या. चित्र कुणाचं हे विचारावं लागत नाही. बाबा मला वेलबुट्टी म्हणायचे. "वेलबुट्टी, चहा घेणार का?" असं अगदी सरळ, त्यात चिडवणं आहे हे विसरूनच गेल्यासारखं.

मग एक बाई काम घेऊन आली. टॅरोचे अठ्ठ्याहत्तर पत्ते काढून हवे होते. लोक तिच्याकडे मनात प्रश्न घेऊन येतात, ती पत्ते मांडते आणि मग दोघं बोलत बसतात. आम्ही तिला पत्तेवाली म्हणायला लागलो. बाबांनी तिला भविष्य सांगता का म्हणून तोंडावर विचारलं. ती म्हणाली, नाही हो, माणूस पत्त्याकडे बघतो आणि जे बोलायचं राहिलं होतं ते बोलून टाकतो, मी फक्त ऐकते. बाबांना हे उत्तर पटलं नसावं, पण त्यांनी स्वतःहून तिला बसायला खुर्ची दिली.

तिच्या दोन अटी होत्या. वेली हव्यातच, त्यासाठीच ती माझ्याकडे आली होती. आणि पत्त्यावर अक्षर नको. तिच्याकडे नाना भाषांची माणसं येतात. वर आकडा, बाकी चित्र. तिने तोंड उघडायच्या आधी समोरच्याला चित्रातून कळलं पाहिजे.

बाबांना ही दुसरी अट फार आवडली. त्यांनी त्याच संध्याकाळी परीक्षा सुरू केली. मी खिडकीपाशी पत्ता धरून उभी, ते पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला, स्वयंपाकघराच्या दारात. दहा पावलांवरून काय दिसतं ते सांगायचं. पास असेल तर दोन बोटं कपाळाला लावायचे. नापास असेल तर हातात नसलेलं फडकं हवेत फिरवायचे, ओली पाटी पुसून टाकल्यासारखं. मी वहीच्या मागच्या पानांवर निकाल लिहून ठेवायचे.

७, रथ. "सोफा वाहून चाललाय." पुन्हा.

९, कंदील घेतलेला म्हातारा. "वीज गेलीय." पास.

१४, दोन पेल्यांतून पाणी ओतणारी. "बाई कुठाय? मला फुलदाणी दिसतेय." पुन्हा.

१६, कोसळता मनोरा. पास. "घाबरवायचं म्हटलं की कसं बरोब्बर जमतं तुला."

१८, चंद्र. "बशी." पुन्हा. "फुटलेली बशी." पुन्हा. पास.

मी भांडायचे. ही पाटी नाही, म्हणायचे. पत्ता हातात धरतात, टेबलावर ठेवतात, त्याच्याकडे दहा मिनिटं बघत बसतात. धावत्या गाडीतून कुणी वाचणार नाहीये.

"प्रश्न घेऊन आलेला माणूस धावत्या गाडीतच असतो," बाबा म्हणाले. मग जरा नरम होऊन, "वेली छान आहेत गं तुझ्या. पण मी माणूस शोधत येतो आणि मला नुसती पानं भेटतात."

एकसष्ट पत्ते पास झाले होते. सतरा राहिले होते.

•

मी त्या दिवशी पत्तेवालीकडे नमुने दाखवायला गेले होते. घरी ते दोघंच. सकाळी दाढी करताना बाबांच्या हातातून ब्रश पडला. तो उचलायला ते वाकले आणि त्यांना उठता येईना. आईने शेजाऱ्यांच्या मदतीने त्यांना गाडीत बसवलं आणि स्वतःच गाडी चालवत दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा ते आत होते आणि आई बाहेर बाकावर, पायांत घरातल्या सपाता.

मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ. उजवा हात, उजवा पाय आणि शब्द. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, अजून थोडा उशीर झाला असता तर आपण आत्ता वेगळं बोलत असतो.

शब्द सगळे गेले नाहीत. एक राहिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "डावीकडे."

मी डावीकडे पाहिलं. तिथे भिंत होती.

पाणी हवं, डावीकडे. उशी टोचतेय, डावीकडे. कोण तू, कुठे होतीस, बस जरा, डावीकडे. स्वर मात्र सगळे जागेवर. प्रश्न विचारताना शब्दाचं शेपूट वर जायचं, चिडले की तोच शब्द दातांतून यायचा. नर्स बिचारी पहिले दोन दिवस प्रत्येक वेळी त्यांना कुशीवर वळवायची.

वाचताही येईना. मी कागदावर मोठ्या अक्षरांत आई असं लिहिलं. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, परत दिला. ज्या माणसाने आयुष्यभर इतरांसाठी अक्षरं रंगवली, त्याच्यासाठी ती आता नुसते रंगाचे फराटे झाली होती.

अकरा दिवस मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून होते. हाताला चाळा हवा म्हणून बारावा पत्ता काढायला घेतला. टांगलेला माणूस. झाडाला एका पायाने उलटा लटकलेला. पत्तेवालीने बजावून सांगितलं होतं की ही शिक्षा नाही. हा माणूस थांबलाय. उलटं झाल्यावर सगळं कसं दिसतं ते बघतोय. चेहरा शांत हवा.

मला चेहरा जमेना. म्हणून त्यावर एक पान काढलं. मग दुसरं. डॉक्टरांची वाट बघताना वेल त्याच्या छातीवरून गेली, तपासण्यांचे कागद येईपर्यंत कमरेला दोन वेढे पडले. घरी जायच्या दिवशी पत्ता पुरा झाला. इतकं बारीक काम मी आधी कधी केलं नव्हतं. पत्तेवालीला फोटो पाठवला तर म्हणाली, सुंदर आहे. मग थोड्या वेळाने, जरा थांबून बघू या.

•

घरी एक स्पीच थेरपिस्ट यायला लागली. आई तिला बोलवणारी बाई म्हणायची. तिच्याकडे स्वतःची कार्डं होती. पेला. पलंग. पंखा. गोळ्या. संडास. जाड काळी रेघ, मागे कोरं पांढरं. दहाच काय, पन्नास पावलांवरून कळली असती.

बाबांना ती सगळी पहिल्याच दिवशी ओळखू आली आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी ती डाव्या हाताने बाजूला सारली. त्या कार्डांवरून तहान लागल्याचं सांगता येत होतं. पण त्यांना तहान लागलेली नव्हती.

तिने आम्हाला विचारलं, शब्द जायच्या अगदी आधी ते शेवटचं काय बोलले होते? कधीकधी तोच शब्द अडकून राहतो. मला माहीत नव्हतं. आईकडे पाहिलं तर ती उठून दूध बघायला गेली.

आठवड्याभरात बाबांनी माझ्या टेबलावरची पत्त्यांच्या नमुन्यांची पेटी स्वतःकडे ओढली. एकेक पत्ता काढून बघितला, जुने मित्र भेटावेत तसा. दुसऱ्या दिवशी व्यायाम करवणारा माणूस आला तेव्हा त्यांनी कोसळता मनोरा त्याच्यासमोर ठेवला. बोलवणारी बाई टाळ्या वाजवायचीच राहिली. त्यानंतर आमचं घर पत्त्यांवर चालायला लागलं. कंदीलवाला म्हातारा म्हणजे खोलीतला दिवा बंद करा. सोफ्याचा रथ, म्हणजे सुधारलेला रथ, म्हणजे बाहेर घेऊन चला. आई औषध घेऊन आली की तलवारवाली राणी. आई म्हणाली, "बरंय, राणी तरी म्हणतायत." आणि तो पत्ता तिने फ्रिजच्या दारावर लावला.

मग त्यांनी बारावा पत्ता काढला.

माझ्यासमोर ठेवला, बोटाने दोनदा टकटक केलं आणि म्हणाले, "डावीकडे." दातांतून.

मी विचारलं, लटकल्यासारखं वाटतंय का? डावीकडे. पाय दुखतोय? डावीकडे. त्यांनी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच पत्ता. तिसऱ्या दिवशी पुन्हा. एकदा आईच्या हातात दिला, मग माझ्याकडे बोट दाखवलं. आईने स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. भांडी घासायची नव्हती. मी मागून गेले तर म्हणाली, "त्यांना सांगायचंय की हे असं जगणं नको. तुला कळत नाहीये का?"

मला कळत होतं, म्हणजे मला तसं वाटत होतं. इतके दिवस त्यांच्याकडे त्या गोष्टीसाठी शब्द नव्हता. आणि मीच बाकावर बसून तो त्यांना काढून दिला होता, तपशीलवार, शिरांसकट.

आईने पत्ता डाळीच्या डब्यामागे लपवला. बाबांनी पेटी अंथरुणावर उपडी केली. सगळे पत्ते एकेक करून तपासले आणि बारावा नाही म्हटल्यावर दुपारी जेवायचं नाकारलं. तोंड भिंतीकडे. संध्याकाळी आईने पत्ता आणून त्यांच्या उशीवर ठेवला. मी तिला म्हटलं, मी पत्तेवालीला काम परत करते. आई म्हणाली, बाकीचे सोळा नको करूस हवं तर, पण हा फाड. फाडायला मी हातात घेतला आणि माझ्याच्याने फाडवेना. चांगला काढला होता म्हणून, हे कबूल करायला लाज वाटते.

•

वॉकर घेऊन बाबा पॅसेजमध्ये चालायचे. आई मागून त्यांच्या कमरेचा पट्टा धरून पावलं मोजायची. चार. मग पाच. सातच्या पुढे गाडी जात नव्हती. सातव्याला उजवा पाय रुसायचा.

मंगळवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली, म्हणजे त्यांच्या शब्दाने. पत्ता माझ्या हातात कोंबला आणि कोपराने मला खिडकीकडे ढकललं. मी तिथे जाऊन उभी राहिले. त्यांनी वॉकर वळवला आणि माझ्याकडे पाठ करून चालायला लागले.

आई मोजत होती. पाच. सहा. सात. सातला ती थांबली, बाबा थांबले नाहीत. आठ तिने जरा उशिराच म्हटलं. नवव्याला पाय लादीवर घासला. दहा म्हणायला ती विसरली.

स्वयंपाकघराच्या दारात ते उभे राहिले. आणि मग वळायला लागले. वळायला चालण्यापेक्षा जास्त वेळ लागला. तोंड माझ्याकडे झालं तेव्हा कपाळावर घाम होता. त्यांनी हनुवटी वर केली.

"डावीकडे," ते म्हणाले. अगदी शांतपणे, काम सुरू करताना माणूस म्हणतो तसं.

मी पत्ता वर धरला.

त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. डावा हात वॉकरवरून काढला, आईने घाबरून पट्टा दोन्ही हातांनी धरला. आणि बाबांनी हवेत फडकं फिरवलं.

"नापास?" मी म्हटलं.

पुन्हा फडकं. या खेपेला मोठं, अख्खी पाटी पुसल्यासारखं.

तीन आठवडे तो माणूस मला एवढंच सांगत होता की हा पत्ता वाचता येत नाही. मी आणि आई स्वयंपाकघरात उभ्या राहून त्याच्या मरणावर रडत होतो, आणि त्याला उरलेले सतरा पत्ते तपासायचे होते.

आईकडे पाहिलं. पट्टा धरलेला होता आणि तिचे खांदे हलत होते.

•

१२, दुसरा. निम्म्या वेली कमी केल्या. फडकं.

१२, तिसरा. मला राग आला होता, खरं सांगायचं तर चांगला राग, कितीतरी दिवसांनी. मी सगळ्या वेली काढून टाकल्या. काळी आकृती, सरळ दोरी, सरळ फांदी, मागे पिवळा रंग. त्यांच्या कुठल्याही कारखान्यात लागला असता असा. घ्या, म्हटलं मनात.

बाबा बराच वेळ बघत राहिले. मग फडकं.

"आता काय राहिलं?" मी ओरडलेच. "माणूस दिसतोय, उलटा दिसतोय, लटकलेला दिसतोय. आणखी काय हवंय?"

ते वॉकर घेऊन माझ्याकडे यायला निघाले. दहा पावलं. मी पुढे झाले नाही, आईने डोळ्यांनी नको म्हटलं होतं. टेबलाशी येऊन बसले, पत्ता समोर ठेवला आणि पेन्सिलीसाठी हात पुढे केला. त्यांनी डाव्या हाताने कधी काही काढलं नव्हतं. पहिली रेघ थरथरत पत्त्याबाहेर गेली. ते थांबले, श्वास घेतला आणि पेन्सिल दोरीपाशी पुन्हा टेकवली.

त्यांनी वेल काढली.

वाकडीतिकडी, फांदीपासून निघून दोरीभोवती गुंडाळत त्या माणसाच्या घोट्यापर्यंत. तीन पानं. एक पान माशासारखं झालं. घोट्याला एक वेढा देऊन तिथे ते थांबले आणि पेन्सिल खाली ठेवली. मग माझ्याकडे बघितलं, जरा ओशाळून, दुसऱ्याच्या डब्यातलं उचलल्यासारखं.

मी तो पत्ता बघत बसले. माझा दोरीवाला माणूस कुणीतरी टांगला होता. वेल आली आणि त्याला धरून ठेवलेलं दिसायला लागलं.

चौथा काढायला दोन दिवस लागले. दोरी ठेवलीच नाही, फांदीतून उतरलेली वेल हीच दोरी केली. माझ्या सगळ्या शिरा, सगळी बारीक रेघ तिथे, त्या बोटभर लांबीत. घोट्याखाली एकही पान नाही. चेहरा मोकळा. पानं बाजूला केल्यावर खाली कुणाचा चेहरा निघणार हे मला बाकावर बसले होते तेव्हापासून माहीत होतं. तो काढला. शांत, आणि भुवईपाशी किंचित वैतागलेला.

आई म्हणाली, दाढी करायला हवी होती त्याची.

बाबा दारात जाऊन उभे राहिले, या वेळी वळायला कमी वेळ लागला. मी पत्ता वर धरला. दोन्ही हातांनी.

डाव्या हाताची दोन बोटं सावकाश वर गेली आणि कपाळाला लागली.

मी वहीत लिहिलं. १२, टांगलेला माणूस. चौथा. पास. शेरा लिहायची जागा मोकळी सोडली. मग त्यांना विचारलं की काय लिहू.

"डावीकडे," बाबा म्हणाले, आणि मी ते लिहिलं.

•

त्या सकाळी दवाखान्याच्या फाटकातून आत शिरल्यावर, बाबांच्या निळ्या पाटीपाशी, आई गाडी उजवीकडे वळवत होती.